वाईट दिवसाच्या मापाचं काम

'हो, मी करीन की' हे शब्द नेहमी बऱ्या दिवशी तोंडून निघतात. सांधे जरा लवकर मोकळे झालेले असतात, झोप लागलेली असते, डोकं हलकं असतं आणि नेमका तेव्हाच फोन येतो. वाचनालयाचा हिशेब बघायला कुणी नाही, शिकवणीच्या वर्गाला आणखी एक माणूस हवंय, सभेचं इतिवृत्त तेवढं लिहून द्याल का? होकार देणारं माणूस आणि तीन आठवड्यांनी तो होकार निभावणारं माणूस एकाच शरीरात राहतात एवढंच, दोघांची ताकद सारखी नसते. दीर्घ आजार असलेल्यांचं लोकांसाठीचं काम बहुतेक वेळा इथेच फसतं. इच्छा भरपूर असते, माप चुकलेलं असतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण या आजारांमध्ये अंथरूण रोज वेगळ्या लांबीचं निघतं. तेव्हा पाय पसरायचे ते सगळ्यात आखूड अंथरुणाच्या हिशेबाने. काम पत्करताना वाईट दिवस धरायचा. बऱ्या दिवशी काही वर उरलं तर ते उरू द्यायचं, लगेच कुणाच्या पदरात टाकायचं नाही. ऐकायला हे रडकं वाटेल. पण बऱ्या दिवसाच्या जोरावर शब्द देणारं माणूस दोन-तीन महिन्यांत आडवं होतं, आणि मग 'आपण आता कामाचे उरलो नाही' असा निकालही स्वतःच देऊन मोकळं होतं. निकाल चुकीचा असतो. हरलेलं असतं ते फक्त वेळापत्रक.

आता हा वाईट दिवस मोजायचा कसा, ते पाहू. चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, एक वही ठेवायची. रोज तीनच नोंदी. पहिली, आज किती वाजता 'चालू' झालो. ही उठल्याची वेळ नव्हे, हातात काही धरण्याजोगे झालो ती वेळ. दुसरी, दिवसाला ० ते १० मधला एकच आकडा. तिसरी, आज जमलेलं सगळ्यात मोठं काम, दोन-तीन शब्दांत. वेदना वेगळी, थकवा वेगळा, मन वेगळं असे रकाने आखण्याचा मोह टाळा. तसली वही नव्याचे नऊ दिवससुद्धा टिकत नाही. आणि नोंद झोपताना करू नका. त्या वेळी पेन उचलायचा कंटाळा येतो आणि सगळेच दिवस वाईट वाटतात. संध्याकाळची एक ठरावीक वेळ बरी.

चार आठवडे का, तर बऱ्याच गोष्टींना स्वतःची लय असते आणि एका आठवड्यात तिचा एखादा कोपराच दिसतो. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि पुष्कळांना त्यानंतरचा एखाद दिवस मळमळीचा आणि मरगळीचा जातो. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत काहींचं डोकं उठतं, काहींचा दमा बळावतो. तपासण्या, इंजेक्शनं, सलाइनमधून दिली जाणारी औषधं यांचीही आपापली आवर्तनं असतात.

२८ आकडे झाले की सगळ्यात खालचे सात वेगळे काढा. त्या सात दिवसांत काय जमलं होतं? बसून वीस मिनिटं बोलणं जमलं असेल, पण घराबाहेर पडणं एकदाही जमलं नसेल, तर ठरलेल्या वेळी बाहेर जावं लागणारं काम आपलं नव्हे आणि बसून बोलण्याचं काम नक्की आपलं. इतका सरळ हिशेब आहे. मग तासांचं बघायचं. चारपैकी सगळ्यात वाईट आठवड्यात घरचं आणि आजाराचं सगळं करून समजा सहा तास हाती राहिले, तर शब्द तीन तासांचाच द्यायचा. उरलेले तीन सर्दीपडशासाठी, अचानक लांबलेल्या तपासणीसाठी आणि कारण न सांगता येणाऱ्या दिवसासाठी. दिवस वाईट जायला दर वेळी कारण लागत नाही, हे धडधाकट माणसाला पटवणं फार अवघड. पटवत बसू नये.

वही वाचताना एक चूक हमखास होते. आकडा खाली गेला की माणूस त्याच दिवशी काय झालं ते शोधतं आणि हवेला किंवा जेवणाला दोष देतं. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजे दीर्घ थकव्याचा आजार, ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोमही म्हणतात, त्यात श्रमाचा फटका बहुधा १२ ते ४८ तासांनी बसतो. सोमवारची सभा बुधवारी अंथरुणाला खिळवते आणि मंगळवारी मात्र 'बघा, काही झालं नाही' असं वाटून आणखी एक काम अंगावर घेतलेलं असतं. म्हणून खालच्या प्रत्येक आकड्यासाठी आधीचे दोन दिवस उलटून बघायचे. श्रम म्हणजे चालणं-उचलणंच असं नाही. तासभराची वादावादी, प्रखर दिवे, एकाच वेळी बोलणारी पाच माणसंही त्यात येतात. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०२१ साली या आजारासाठीची आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि ठरल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार त्यांतून काढून टाकला. 'रोज थोडं थोडं वाढवत जा' हा सल्ला संधिवातात, हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या पुष्कळ आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी ठरतो. इथे तोच सल्ला घात करतो. दोन आजारांना एकाच काठीने हाकता येत नाही.

दिवसांइतकंच महत्त्व घड्याळाला. ऱ्हुमटॉइड संधिवातात सकाळचा ताठरपणा अर्धा तास ते काही तास राहू शकतो. मग सकाळी आठची बैठक मान्य करणं म्हणजे पहाटे उठून स्वतःशी कुस्ती धरणं. तीच बैठक अकराला ठेवा म्हणावं, बहुतेकांना फरक पडत नाही, फक्त कुणी विचारलेलं नसतं. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, लेव्होडोपा या औषधाचा असर पुढच्या गोळीच्या आधी ओसरू लागतो, तेव्हा बोलायचं काम दोन गोळ्यांच्या मधल्या चांगल्या वेळात बसवावं. सभा लांबली म्हणून गोळी लांबवायची नाही. खिशातला गजर वाजला की सगळ्यांसमोर घ्यायची. हृदय कमकुवत असलेल्यांना लघवी होण्यासाठी फ्युरोसेमाइड दिलेलं असेल तर तासाभरात त्याचा असर सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. एखाद्या दिवशी बाहेर जायचं असेल तर ती वेळ मागेपुढे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला अजिबात लाजू नये. प्रश्न क्षुल्लक वाटतो, म्हणून माणसं विचारत नाहीत आणि गोळीच चुकवतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात अंगाचं तापमान थोडं जरी वाढलं तरी पुष्कळांची नजर अंधुक होते, पाय जड होतात. श्रमानंतर नजर अशी तात्पुरती अंधुक होते हे विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० साली नोंदवलं, म्हणून त्या लक्षणाला त्यांचं नाव आहे. अंग थंड झालं की ते ओसरतं, पण तोवर घाबरगुंडी उडालेली असते. तेव्हा काम दुपारच्या उकाड्यातलं नको, गार खोलीतलं घ्यावं. ल्युपस हा आजार उन्हाने बळावू शकतो, तो असलेल्यांनी उन्हातला मांडव दुसऱ्याकडे द्यावा. ढग आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, अतिनील किरण ढगांतूनही येतात.

औषधाच्या वाराबद्दल एक सांगून ठेवायला हवं. आठवड्याचं मेथोट्रेक्सेट कामाच्या आदल्या दिवशी येत असेल तर वार बदलून मागता येतो, पण डॉक्टरांना विचारूनच. हे औषध चुकून रोज घेतलं गेल्याने माणसं दगावलेली आहेत. ठरलेला वार वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हे सगळं करायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी मोजत नाही. ज्युलिएट कॉर्बिन आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस या दोन संशोधकांनी १९८५ साली घरच्या घरी दीर्घ आजार सांभाळणाऱ्यांबद्दल लिहिताना तीन प्रकारची कामं सांगितली: आजाराचं काम, रोजच्या जगण्याचं काम आणि आपण आता कोण आहोत याची नव्याने जुळणी करण्याचं काम. तिन्हींना त्यांनी 'काम' म्हटलं, हे मोठंच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्याचे बारा तास नुसते यंत्राजवळ जातात. जाणं-येणं, सुया लावणं-काढणं आणि नंतरची ग्लानी वेगळीच. टाइप १ मधुमेहात रात्रीही साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, झोपसुद्धा पुरती आपली नसते. तेव्हा आठवड्याचा कागद आखताना आधी औषधं आणणं, तपासण्या, रांगा, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या फोनची वाट पाहणं हे सगळं लिहा. 'घरीच तर असता दिवसभर' असं म्हणणाऱ्याला दाखवायला हा कागद चांगला. त्याहून चांगला तो स्वतःला दाखवायला.

यानंतर कामाची निवड. काम लहान की मोठं हे आधी बघू नका, त्याची घडण बघा. मी न गेल्यास हे दोन दिवस थांबेल का? मी जिथे सोडलं तिथून दुसऱ्याला उचलता येईल का? आणि मी नसताना कुणी बंद दाराबाहेर उभं राहणार आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर कितीही सोपं काम असो, एकट्याने घेऊ नये. सभागृहाच्या किल्ल्या ठेवणं सोपं दिसतं आणि सगळ्यात वाईट तेच. रोख रक्कम सांभाळणं, गाडी चालवून माणसं पोचवणं, उद्घाटनाचं सूत्रसंचालन हीही तसलीच. उलट महिन्याचा हिशेब तपासणं, अर्ज भरून देणं, नव्या कार्यकर्त्याला शिकवणं, पत्रकाचं मुद्रितशोधन, कुणाला कधी बोलवायचं त्याचं वेळापत्रक लावणं ही कामं दोन दिवस सरकली तरी आभाळ कोसळत नाही. संस्थांमध्ये हीच कामं सडत पडलेली असतात, कारण ती दिसत नाहीत.

त्यातलं एक काम दीर्घ आजार असलेल्याच्या हाताला फार चांगलं बसतं: एकट्या राहणाऱ्यांची फोनवरून विचारपूस. दुरून ते गप्पांसारखं दिसतं, पण नीट बांधलं नाही तर महिनाभरात मोडतं. सुरुवातीला सहा नावं, जास्त नकोत. आठवड्यातून दोन वार, तीन-तीन फोन, प्रत्येकी दहा मिनिटं. म्हणजे नोंदीसकट एका वेळी पाऊण तास. वार निवडताना मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा, कारण फटका उशिरा बसतो. ज्यांना फोन करायचा त्यांची आधी परवानगी घ्या आणि 'अकरा वाजता' असं न सांगता 'अकरा ते एकच्या दरम्यान' असं सांगा. त्या दोन तासांची ऐसपैस जागा तुमच्यासाठी आहे. 'कसं काय, बरं आहे ना?' हा प्रश्न निरुपयोगी, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तीन नेमके प्रश्न विचारा. आज जेवण काय झालं? औषधं संपत आलीत का, आणि किती दिवसांची उरली? काल घरात कोण आलं होतं? या तिन्हींची उत्तरं 'बरं आहे' अशी देता येत नाहीत.

वहीत तारीख आणि एका ओळीची नोंद. आजाराचा तपशील, पैशाचं काही लिहू नका, ती वही उद्या दुसऱ्याच्या हातात जायची असते. फोन उचलला नाही तर काय, हे आधी ठरलेलं हवं: अर्ध्या तासाने पुन्हा, मग आणखी एकदा, मग त्या व्यक्तीने स्वतः दिलेल्या शेजाऱ्याच्या किंवा नातलगाच्या नंबरवर. तो नंबर पहिल्याच दिवशी घ्यायचा. तिथेही कुणी सापडलं नाही तर जोडीदार कार्यकर्त्याला कळवायचं. स्वतः धावत निघायचं नाही.

आणि जोडीदार हवाच. दोघांकडे तीच यादी. ज्या दिवशी तुम्हाला जमणार नाही त्या दिवशी सकाळी दहाच्या आत एका शब्दाचा निरोप, 'लाल'. कारण नको, माफी नको, कुठे दुखतंय ते नको. जमेल पण उशीर होईल तर 'पिवळा'. निरोपच आला नाही तर 'लाल' समजायचं, कारण सगळ्यात वाईट दिवशी निरोप टाइप करण्याइतकंही बळ नसतं. हा शेवटचा नियम बहुतेक जण विसरतात आणि नेमक्या त्याच दिवशी सगळी व्यवस्था कोलमडते.

कोणतंही काम असो, त्याचं एक पान लिहून ठेवा. काम काय, कधी करायचं, सामान आणि कागद कुठे आहेत, कुणाला विचारायचं, आणि आत्ता ते कुठवर आलंय. शेवटची ओळ दर वेळी काम थांबवताना खोडून नवी लिहायची: 'मार्चच्या पावत्या झाल्या, एप्रिलच्या बाकी, निळ्या पिशवीत.' पान खरंच उपयोगी आहे का ते पाहायचं तर एखाद्या बऱ्या दिवशी ते दुसऱ्याला द्या आणि आपण गप्प बसा. ज्या प्रश्नासाठी तो तुमच्याकडे वळेल ते उत्तर पानावर नव्हतं. तेवढं लिहून टाका.

सोबतच्या लोकांना आजाराबद्दल किती सांगावं? माझं मत, कामापुरतं. 'माझी तब्येत दिवसागणिक बदलते. जमणार नसेल तेव्हा सकाळी कळवीन. माझ्या जागी अमुक करील.' एवढी तीन वाक्यं पुष्कळ झाली. अपवाद तातडीचा. इन्सुलिन घेणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याला माहीत हवं की रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची. फेफरं येणाऱ्याबद्दल माहीत हवं की झटका सुरू झाला की घड्याळ बघायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही कोंबायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर मदत बोलवायची. हे दोघांना तरी माहीत असावं. एक जण नेमका चहाला गेलेला असतो.

बिघडतं कुठे? कार्यक्रम जवळ आला की. दोन दिवस निभावून न्यायला वेदनाशामक गोळ्या वाढवल्या जातात. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात आणि शरीराचा इशाराही बंद करतात. त्याहून वाईट, स्टेरॉइडची मात्रा आपल्या मनाने वाढवणं आणि कार्यक्रम संपला की एकदम बंद करणं. दीर्घकाळ चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर शरीर स्वतःचं पुरेसं बनवू शकत नाही आणि जिवावर बेततं. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर गर्दीच्या दिवशी पडद्यामागचं काम मागून घ्यावं. तिसरी गोष्ट सोपी आणि सार्वत्रिक: कामाच्या नादात आपलीच तपासणीची तारीख चुकवणं.

दुसऱ्या बाजूने, सहकाऱ्यांचा चांगुलपणाही काम बिघडवतो. 'तुम्ही राहू द्या, दगदग नको' म्हणत हळूहळू सगळं काढून घेतलं जातं आणि उरतं ते व्यासपीठावरचं प्रेरणादायी उदाहरण म्हणून बसणं. आजारी माणसाला हार घालणं सोपं, त्याच्या सोयीने बैठकीची वेळ बदलणं कठीण. एड्सग्रस्तांनी १९८३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जे निवेदन मांडलं त्यात 'बळी' हा शब्द नाकारला आणि निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आपल्याला सामावून घ्या असं म्हटलं. आपल्या गल्लीतल्या समितीलाही ते लागू आहे: हार नको, मत हवं.

आजारी माणूस दुसऱ्या आजारी माणसाला शिकवू शकतो, हे तर आता जुनं झालं. केट लोरिग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात संधिवातासाठी आणि पुढे सगळ्याच दीर्घ आजारांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग बांधले. आठवड्याला साधारण अडीच तास, आणि शिकवणारे डॉक्टर नव्हेत, बहुधा स्वतः आजार असलेलेच. त्या वर्गांतली एक युक्ती उचलण्याजोगी आहे. या आठवड्यात काय, किती, कधी आणि किती वेळा करणार ते ठरवायचं, मग विचारायचं, हे पुरं होईल याची खात्री ० ते १० मध्ये किती? सातच्या खाली उत्तर आलं तर बेत छोटा करायचा. दर बैठकीत काम वाटताना हाच प्रश्न सगळ्यांना विचारला तर धडधाकट मंडळीही खरं बोलू लागतात. फक्त एक कुंपण राखायचं: अनुभव सांगायचा, औषधाची मात्रा सांगायची नाही. 'मला या गोळीने बरं वाटलं' हे वाक्य समोरच्याच्या कानात 'तुम्हीही घ्या' असं शिरतं.

आजार पुढे सरकला की काम उतरवावंही लागतं. त्यासाठी दर सहा महिन्यांनी पुन्हा चार आठवड्यांची वही. खालचे सात आकडे आधीपेक्षा उतरले असतील तर पुढच्या फेरीच्या आधीच सांगा, ऐन वेळी नव्हे. सहा फोनांचे चार करा, उरलेले दोन जोडीदारावर टाकू नका, तिसरं माणूस आणा. नव्या माणसाच्या पहिल्या दोन फोनांना बरोबर बसा आणि पलीकडच्यांना त्याचं नाव तुम्हीच सांगा.

आणि यादी नव्याने लिहिताना शेवटी एक नाव वाढवा, तुमचं स्वतःचं. तुमच्या मोकळ्या वारी जोडीदाराने तुम्हालाही फोन करायचा, तेच तीन प्रश्न विचारायचे, आणि 'मी बरा आहे हो' किंवा 'मी बरी आहे गं' एवढ्यावर फोन ठेवायचा नाही.